मी काशीला ‘पाणी’ शिकवलं

ही हकिकत कुठल्या तोंडानं सांगावी तेच कळत नाही, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. धारूरच्या तांबट आळीत एका बहिऱ्या पोरीला बोलायला शिकवणारी बाई कोण, असं तुम्ही कुणालाही विचारा. माझंच नाव सांगतील. नाव सांगताना हसतात, ती गोष्ट वेगळी. त्याचंच तर सांगायचं आहे. चहा घ्या, गार होतोय.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या आळीत दिवस उजाडला की दारोदार ठोके सुरू. हंडे, घागरी, तपेली. आवाज किल्ल्याच्या तटावर जाऊन आपटायचा आणि परत यायचा, म्हणजे एका ठोक्याचे दोन व्हायचे. असल्या आळीत कोण कुणाचं ऐकणार? आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघूनच बोलायचो. मीठ हवं असलं तर दोन बोटं चोळायची, नवरा रागात असला तर एक भुवई वर करायची. तेवढ्यात सगळा संसार चालायचा.

म्हणून तर शेजारच्या नारूची काशी बहिरी आहे हे लई दिवस कुणाच्या ध्यानातच आलं नाही. हाक मारली आणि पोर वळली नाही, तर आम्हाला वाटायचं हाक ठोक्यात हरवली. पण अमावास्येला तांबटांचे हातोडे बंद असतात. आधीच्या अमावास्यांना ती कडेवर असायची. त्या अमावास्येला ती आपल्या पायांनी अंगणात जाऊन मातीत रेघोट्या ओढत बसली होती. सारी आळी चिडीचूप. तिच्या आईनं, रखमानं, मागून हाक मारली, “काशे.” पुन्हा मारली. मग आणखी मोठ्यानं मारली. पोर रेघोट्याच ओढत होती. रखमा माझ्याकडं बघायला लागली.

मी कोण, ते सांगायचं राहिलंच की. मी येसू. बायका मला येसाआक्का म्हणतात, पोरं मावशी म्हणतात. माहेरी अंबाजोगाईला मराठी दोन बुकं शिकलेली. आमचे हे गाडीत भांडी घालून माजलगावच्या बाजाराला जायचे ते आठ-आठ दिवस यायचे नाहीत. सासू-सासरे राहिले नव्हते, मूलबाळ झालं नाही. मग माणसानं वेळ कसा काढायचा? नारूच्या परसाला आणि माझ्या परसाला मिळून एक छातीएवढी भिंत होती. लोक म्हणतात, येसू त्या भिंतीवरच राहायची. साफ खोटं आहे. जेवायला मी घरात जायची.

तर त्या भिंतीवरून मी काय काय पाहिलं!

काशी शाळेच्या वयाची झाली तेव्हा सरकारी शाळेत दत्तू मास्तर नवीन आले आणि नारूच्या बाहेरच्या खोलीत भाड्यानं राहिले. पोरगेलेसे, सडपातळ, मिशी अजून धड फुटायची होती. त्यांची धाकटी बहीण बहिरी. ती मुंबईला बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकायची, आणि तिथलं शिकवणं मास्तरांनी जवळून पाहिलं होतं. त्यांनी काशीला पाहिलं आणि नारूला म्हणाले, पोरगी मुकी नाही. ऐकू येत नाही म्हणून बोलत नाही, शिकवली तर बोलेल. नारूनं हातोडा खाली ठेवला, मास्तरांकडं पाहिलं आणि पुन्हा उचलला. त्याचा विश्वास बसला नव्हता.

पण मास्तरांनी सुरुवात केली. रोज शाळा सुटली की परसात काशीला समोर घेऊन बसायचे. कोंबडीचं एक पीस तिच्या तळहातावर ठेवायचे आणि ‘प’ म्हणायचे. पीस उडायचं. काशी डोळे विस्फारून बघायची. मग तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून ‘ब’ म्हणायचे, म्हणजे गळ्यातली थरथर तिच्या बोटांना कळायची. ‘म’ला हात नाकावर. हे झालं सोपं. ‘क’चं काय करता? तो घशात होतो, बाहेरून दिसतच नाही. मास्तर एवढा मोठा आ करायचे की भिंतीवरून मला त्यांची पडजीभ दिसायची. एका अक्षरापायी पंधरवडा जायचा, आणि पंधरवड्यानं पोर मागचं अक्षर विसरायची.

पहिल्यांदा काशीच्या गळ्यातून आवाज निघाला तो गोठ्यातल्या वासरासारखा. आळीतली पोरं कुंपणापाशी जमली होती, ती खदखदा हसली. काशीला ते हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. तिनं तोंड मिटलं ते कितीतरी दिवस उघडलंच नाही. मास्तर तरीही रोज तिच्यासमोर बसायचे आणि आपल्याच तळहातावर पीस ठेवून एकटेच फुंकायचे. फुंकून झालं की पीस शोधायचे, पुन्हा ठेवायचे. एक दिवस काशीनं हात पुढं केला, ते पीस आपल्या हातावर घेतलं आणि फुंकर मारली. मी भिंतीवर डाळ निवडत होते. अर्धी डाळ खाली सांडली.

मास्तरांचं म्हणणं असं, की मी तासभर शिकवून काय होणार? घरच्यांनी दिवसभर पोरीशी बोललं पाहिजे, उजेडात, समोरासमोर, तोंड दाखवून. आता नारूच्या घरात तोंड दाखवणारं होतं कोण? नारूच्या मिशा अशा, की हनुवटी हलते एवढ्यावरूनच आत ओठ आहेत असं म्हणायचं. त्याचा म्हातारा बाप, धोंडीमामा, दिवसभर ओट्यावर बसून पान चघळणार. आणि सासरा ओट्यावर म्हटल्यावर रखमानं डोईवरचा पदर ओढून दातात धरलेला. जे काय बोलायचं ते पदराआडून. त्या पोरीनं आपल्या आईचं तोंड उजेडात धड पाहिलंच नव्हतं हो.

मला मात्र धोंडीमामा माहेरच्या नात्यानं मामा लागायचे. माझं तोंड उघडं. आणि सहसा मिटतही नव्हतं.

अशात दोन गोष्टी एकदम घडल्या. शाळेच्या मोठ्या मास्तरांनी दत्तू मास्तरांना बजावलं, की या मुक्या पोरीवर वेळ घालवताय हे मला पसंत नाही. दिवाळीनंतर शाळा तपासायला बीडहून मोहतमीम साहेब येतील, त्यांनी पोरीला पाहून शाळेत बसवा म्हटलं तर बसवा, नाहीतर हा खेळ बंद. नारूही म्हणाला, ठीक आहे, साहेब नाही म्हणाले तर काशी तिच्या मामाच्या गावाला जाईल, शेरडं राखील. शेरडांना काय, बोलणारी राखणदार लागत न्हाई. हे ऐकून रखमा चुलीपुढं बसली ती उठेचना.

आणि त्याच आठवड्यात मास्तरांचे वडील आजारी पडल्याचा निरोप आला. निघताना मास्तर परसात उभे राहिले. घरातल्या एकेकाच्या तोंडावरून त्यांची नजर फिरली आणि शेवटी भिंतीवर येऊन थांबली.

“मावशी,” ते म्हणाले, “मी येईपर्यंत तुम्ही बोलाल का तिच्याशी? थोडेच शब्द. पाणी, भाकर, आई. सावकाश बोला. ती तुमच्या तोंडाकडं बघून शिकेल.”

“मास्तर, तुमी बिनघोर जावा,” मी म्हणाले. मला कुणी कामाचं असं काही सांगण्याची ती पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुरू. वेळ सकाळची. माणूस सकाळचं ताजं असतं ना? बाप्यांची तोंडं धुऊन झाली, ते कामाला बसले, की मी माझ्या परसात निंबाखाली उकिडवी बसायची, तळहातावर मिश्री घ्यायची आणि काशीला समोर बसवायची. तुम्ही नव्या काळाची माणसं, मिश्री म्हणजे काय हेही सांगावं लागेल. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड. ती दातांना लावत बसायची. पुरुषांसमोर लावत नाहीत, म्हणून मास्तरांनी मला कधी तशी पाहिली नव्हती. आणि खरं सांगते, सकाळची मिश्री लावल्याबिगर माझं डोकंच चालत नाही, मग शिकवणार कशी?

तांब्या उचलून दाखवायचा. “पाणी.” काशी बघायची. पुन्हा “पाणी.” पुन्हा बघायची. अशी टक लावून बघायची की मला वाटायचं, जन्मात माझ्याकडं इतकं मन लावून कुणी पाहिलं नाही. आमच्या ह्यांनी तर नाहीच.

चार-सहा दिवसांनी ती बोलली. पहिल्यांदा नुसतं ‘पा’, मग ‘पाई’, आणि एका सकाळी ‘पाणी’. मी तिला उचलून निंबाभोवती फिरवलं.

पोरगी हुशार, यात शंकाच नाही. बोलताना ती आपलं बोट दातांपाशी न्यायची. मी मनात म्हटलं, बघा, जीभ कुठं लावायची ते स्वतःच चाचपून बघते. शब्द झाला की मान एकीकडं वळवायची. म्हटलं, लाजते, बाईचीच जात. शेवटी ओठांतून फूत्कन वारा सोडायची. म्हटलं, हे मास्तरांचं पीस, केवढं पक्कं बसलंय. एक डोळा बारीक करायची. त्याचं कारण मला सुचलं नाही, पण शिकणाऱ्याला डोळ्यावर ताण येतच असेल.

रखमाला मी भिंतीवरून सांगायचे, पोरगी सुधारली. ती पदराआडून हात जोडायची.

मास्तर परतले ते साहेबांच्या भेटीच्या दिवशीच. सामान ओट्यावर टाकलं आणि तसेच शाळेकडं धावले. जाता जाता विचारलं, “मावशी, झालं का काही?” मी म्हणाले, “तुमी नुस्तं बगा.”

त्या दिवशी आळीनं हातोडे बंद ठेवले. सगळेजण शाळेच्या अंगणात. धोंडीमामा काठी टेकत आले, रखमा बायकांच्या मागं खाली मान घालून. मोहतमीम साहेब खुर्चीवर बसलेले. शेरवानी, उंच टोपी, पायात चकचकीत बूट. माणूस वाईट दिसत नव्हता, पण साहेब तो साहेबच. मी बायकांच्या आड होऊन मिश्रीची एक चिमूट दाताला लावली. धीर येतो.

मास्तरांनी काशीला समोर उभं केलं आणि पाण्याचा तांब्या उचलून धरला.

काशीनं तांब्याकडं पाहिलं. साहेबांकडं पाहिलं. मग गर्दीत मला शोधून काढलं. मी मान हलवली, बोल.

पोरीनं परकर सावरला आणि खांबाला पाठ लावून उकिडवी बसली. डावा तळहात पुढं धरला. उजव्या बोटानं त्या रिकाम्या तळहातावरून काहीतरी उचललं. तिच्या हातावर काही नव्हतं, पण ते काय होतं ते मला ठाऊक होतं.

तिनं ते बोट दातांवरून फिरवलं, उजवीकडून डावीकडं, अगदी निवांत. एक डोळा बारीक केला. गाल फुगवला. मग ओठ एका बाजूला ओढून म्हणाली, “पाणी.” मान वळवली आणि थू केलं. साहेबांचा बूट वीतभर मागं सरकला.

मास्तरांना वाटलं असेल पोरगी घाबरली. त्यांनी घाईघाईनं भाकरीचा तुकडा दाखवला. तळहात, बोट, दात, डोळा, गाल. “भाकर.” थू. मग रखमाकडं बोट दाखवलं. तळहात, बोट, दात. “आई.” थू.

साहेबांनी विचारलं, “मास्टर, ये कौनसा तरीका है? बंबई का?”

मास्तरांचा चेहरा पांढराफटक. “नाही साहेब. मुंबईला… असं नाही शिकवत.”

“मुंबईचं कुटलं, ह्ये आपल्या आळीचं हाय,” मागून कुणीतरी बोललं, आणि सगळी आळी एका वेळी माझ्याकडं वळली. काही सांगायची गरजच नव्हती हो. पोरीनं माझी मूर्तीच काढून दाखवली होती. नुसती मिश्री नाही, उकिडवं बसल्यावर गुडघ्यावर कोपर टेकायची माझी तऱ्हासुद्धा.

“किसने सिखाया?” साहेबांनी विचारलं. मास्तरांनी काशीला खुणेनं विचारलं. काशीचं तोंड उजळलं, आणि तिनं अभिमानानं माझ्याकडं बोट केलं. बायका बाजूला झाल्या. मी एकटी मधोमध.

“आप सिखाए?”

मी मान हलवली.

“बोलिए.”

बोलते कशी? तोंड भरलेलं. गिळावं तर जीव जाईल, थुंकावं तर साहेबांच्या पुढ्यात. मी मान आडवी हलवली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. “क्या, ये भी गूंगी है?”

“न्हाई साहेब,” धोंडीमामा काठीवर रेलून म्हणाले, “हिला गप बसलेली आमी बी आजच बगतोय.”

तेव्हा साहेब हसले. आणि साहेब हसल्यावर अंगणाला हसायची परवानगीच मिळाली. मी मात्र काशीकडं पाहत होते. ती सगळ्यांची तोंडं बघत होती. तिचे ओठ मिटायला लागले होते, तसेच, मागच्यासारखे. माझं काय व्हायचं ते होवो, पण हे तोंड आता मिटलं तर पोरगी शेरडांमागं जाणार होती. मी काय केलं सांगू? घोटभर गिळलं. मिश्री गिळली. डोळ्यांपुढं किल्ला फिरला.

“साहेब,” मी म्हणाले, “हसायचं तर मला हसा. ती चुकली न्हाई. मी जे दावलं ते तिनं केलं. मीच सोंगाडी, तिला कावून हसता?”

हसणं थांबलं. साहेब खुर्चीवरून उठले, काशीपुढं वाकले, तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि मास्तरांना तांब्या दाखवायला सांगितला. काशीनं बोट सोडवून पाहिलं. सुटेना. ती साहेबांच्या तोंडाकडं, मग मास्तरांच्या, मग माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आणि हात बांधलेल्या माणसासारखी अडखळत म्हणाली, “पाणी.” मान वळवायला गेली, थांबली, आवंढा गिळला.

साहेब सरळ उभे राहिले. म्हणाले, या बच्चीनं जे पाहिलं त्यातलं काही सोडलं नाही. इतकं बघणारं पोर माझ्या कुठल्याच शाळेत नाही. ही पढेगी, हिला वर्गात बसवा. मग माझ्याकडं एक नजर टाकली. “मगर मास्टर, उस्तानी बदलो.” उस्तानी म्हणजे मास्तरीण, म्हणजे मीच.

नारूनं दोन्ही हातांनी मिशा पुसल्या. मिशांवर पुसण्यासारखं काही नव्हतं, डोळ्यांतलंच खाली आलं होतं.

मी घरी गेले ती चक्कर येऊन पडले. गिळलेली मिश्री काय करते ते गिळलेल्यालाच कळतं. सांजेला उठून भिंतीशी आले, कारण शेजारी काय चाललंय ते कळल्याशिवाय मला बरं कसं वाटणार? धोंडीमामांनी रखमाला ओट्यावर बोलावलं होतं. ती पदर दातात धरून उभी.

“सूनबाई,” म्हातारा म्हणाला, “उद्यापासनं माज्यासमोर तोंडावर पदर नको. पोरीला तुजं तोंड दिसू दे.”

“लोक काय म्हनतील, मामंजी?”

“येसीचं तोंड बगून पोरगी काय शिकली ते लोकांनी आजच बगितलं. त्यापरीस तुजं बरं, असं म्हनतील.”

रखमानं दातातला पदर सोडला. काशी पायरीवर बसली होती, तिनं वर पाहिलं. मग उठली, जवळ गेली, आणि एका बोटानं आईचे ओठ चाचपून बघितले, जसे तांबट नव्या घागरीचे काठ बघतात. “आई,” रखमा म्हणाली. “आई,” काशी म्हणाली. बोट नाही, थू नाही, काही नाही. भिंतीवर माझ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मिश्रीचा ठसका असेल.

काशी शाळेत गेली. मास्तर पुढं बसवायचे, ती टक लावून बघायची. बोली साधी व्हायला कितीतरी दिवस लागले, पण झाली. शिकवलं मास्तरांनी आणि रखमानं, ते मी नाकारत नाही. सुरुवात मात्र कुणी केली? आळीत नवं माणूस आलं की मी त्याला काशीपाशी नेऊन सांगायची, हिला पहिलं ‘पाणी’ मी शिकवलं. काशी हसायची.

पुढल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी निंबाखाली बसले होते, आणि काशी भिंतीवर चढून माझ्याकडं बघत होती. मी तिला काहीबाही विचारलं, रखमा उठली का, भाकरी झाल्या का. तिनं थोडा वेळ माझ्या तोंडाकडं पाहिलं, मान हलवली, आणि बोलली. एक शब्द नव्हे, पुरं वाक्य, आणि इतकं स्वच्छ की निंबावरचे कावळेसुद्धा गप्प झाले असतील. माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं सबंध वाक्य.

“मावशी, आदी थुकून ये, मग सांग.”

मी तशीच उठून आळीत धावले. आनंदात आणखी एक चिमूट लावलेली होती. दारोदार हातवारे करून सांगितलं, काशी बोलली, पुरं वाक्य बोलली, माझ्याशी बोलली. नारूनं हातोडा थांबवला. धोंडीमामा ओट्यावरून पुढं झुकले. “आगं, पन काय बोलली ती?”

सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मग मोरीकडं गेले आणि पोरीनं सांगितलं होतं तसं केलं.